रुमालाखालचा सौदा

परभणीत स्टेशन रोडच्या एका बोळात मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली दुरुस्तीला आलेले फोन ओळीनं मांडलेले असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर कागदी चिकटपट्टी. पट्टीवर गिऱ्हाइकाचं आडनाव, ‘डिस्प्ले’ किंवा ‘चार्जिंग’ असा एखादा शब्द आणि त्याखाली पेनानं काढलेले नऊ ठिपके. ठिपक्यांना जोडणारी जी वाकडी रेघ असते, तीच त्या फोनची किल्ली. स्क्रीन बदलल्यावर टच चालतो की नाही हे बघायला ती लागते, म्हणून कारागीर मागतो आणि आपण निमूट काढून देतो. गेल्या पावसाळ्यात मीही दिली.

फोनवरच्या गुप्ततेची गोष्ट काढली की मित्र मला हेच ऐकवतात. बोळातल्या पोराला किल्ली देता, मग सरकारनं मागितली तर एवढा गहजब कशाला? आणि वर ती ठरलेली म्हण: कर नाही त्याला डर कशाला.

म्हण चांगली आहे, पण ती कोण कोणाला ऐकवतो यावर बरंच अवलंबून असतं. दुकानदाराला मी किल्ली दिली ती माझ्या फोनची, माझ्या मर्जीनं, दोन तासांपुरती. संध्याकाळी घरी येऊन रेघ बदलली, विषय संपला. गेली दहा-पंधरा वर्षं सरकारं जे मागताहेत ते वेगळंच आहे. कुलूप घडवतानाच त्याला दुसरी किल्ली बसेल असं घडवा, ती आमच्याकडे द्या, आणि ती कधी वापरली हे मालकाला कळू देऊ नका, असं ते मागणं. दिल्ली, लंडन, ब्रसेल्स, कॅनबेरा, सगळीकडे भाषा थोडीफार निराळी, मागणं तेच.

आधी हे कुलूप कसं आहे ते पाहू. देवळातली दानपेटी डोळ्यांसमोर आणा. वरच्या फटीतून कोणीही पैसे टाकू शकतो. उघडायची किल्ली मात्र एकाकडेच. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवर प्रत्येकाच्या फोनमध्ये अशी एक पेटी असते. तिची फट जगजाहीर, किल्ली फोनच्या आत. तुम्ही जिंतूरहून पुण्यातल्या मुलीला निरोप पाठवता तेव्हा तो तिच्या पेटीच्या फटीतून आत पडतो. मधल्या वाटेवर कंपनीच्या संगणकावर जे दिसतं तो निव्वळ अक्षरांचा कचरा. कंपनीकडे किल्लीच नसते, त्यामुळे पोलिसांनी मागितली तरी देणार कुठून? सरकारांचं दुखणं इथंच आहे. साध्या फोनची लाइन टेलिफोन कंपनीच्या मदतीनं ऐकता येत होती. या पेटीपाशी ते जमत नाही.

मजकूर कुलपात ठेवायची रीत आपल्याकडे नवी नाही. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथानं आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल अशी की पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हातात येऊनही वाचता येऊ नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंथातल्याच मंडळींनी किल्ली सांगितली, तेव्हा कुठं अभ्यासकांना मराठीचं हे आद्य गद्य भांडार खुलं झालं. किल्ली ज्यांची होती, त्यांनी आपणहून दिली.

परवानगीचा इतिहासही मराठवाड्याच्या चांगला लक्षात आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ नावाचं फर्मान होतं. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, कोण काय बोलणार ते कळवा. त्याच राजवटीत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, १९८१ मध्ये ते जालन्याकडे गेलं. त्या पिढीतल्या माणसाला ‘कर नाही त्याला डर कशाला’ असं सांगून पाहायला हवं होतं.

निजाम गेला, इंग्रज गेले. इंग्रजांचा तार कायदा मात्र राहिला. १८८५ च्या या कायद्याच्या कलम ५(२) वर भारतातलं फोन टॅपिंग जवळजवळ एकशेचाळीस वर्षं चाललं. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता एवढे दोन शब्द पुरेसे होते. १९९६ साली पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला पहिल्यांदा काही वेसण घातली: आदेश गृहसचिवानंच द्यावा, मुदत असावी, आढावा समिती असावी. त्याच वेळी न्यायालयानं एक दार उघडंच ठेवलं. आदेशावर आधी न्यायाधीशाची सही लागेल असं काही ते म्हणालं नाही. पुढचा सगळा घोळ त्या न घातलेल्या अटीत आहे.

पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आलं. त्यात संगणकावरची कुठलीही माहिती पाहण्याचा, ती कुलपात असेल तर उलगडून मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानं या कलमाखाली दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखानं खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगून झालं होतं. त्याला दीड वर्षही झालं नव्हतं. दूरसंचार कायदा २०२३ नं १८८५ च्या तार कायद्याची जागा घेतली, पण टॅपिंगचा अधिकार कलम २०(२) मध्ये तसाच आला, ‘संदेश’ या शब्दाची व्याख्या आणखी ऐसपैस होऊन. डिसेंबर २०२४ च्या नियमांनी कार्यपद्धती लिहून दिली. आदेश देणारा सचिव, आढावा घेणारे सचिव. घरचीच मंडळी.

आता राईनपाड्याकडे जाऊ, कारण कुलपाला हात घालण्याचं सर्वात समजण्यासारखं कारण तिथं सापडतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवर तेव्हा मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते. देशभर खूप फिरलेला त्यातला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता. शेवटी मुलाला परत आणून सोडतात तो भाग कापलेला. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच हत्या झाल्या. सरकारनं विचारलं, अफवा पहिल्यांदा कोणी पाठवली ते कंपनीनं सांगायला नको का?

प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले. त्यातला नियम ४(२) असा की पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेनं, आदेश आल्यास, एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रवर्तक’ शोधून द्यावा. सांगायला सोपं. पण कोणत्या निरोपाचा प्रवर्तक उद्या विचारला जाईल हे आज कुणाला माहीत? म्हणजे रोजच्या अब्जावधी निरोपांतल्या प्रत्येकावर आधीच कसली तरी खूण मारून ठेवायची. एका दोषीचा माग काढायचा म्हणून सगळ्या गावाच्या पायात घुंगरू बांधायचे. आणि त्या नियमातच पुढे एक पोटवाक्य आहे, ते फार कमी लोक वाचतात: मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल, तर भारतात तो संदेश ज्यानं पहिल्यांदा पाठवला, तोच पहिला प्रवर्तक मानला जाईल. कराचीतला तुकडा दुबईत काम करणाऱ्या भाच्याकडून मानवतच्या मामाकडे आला आणि मामानं ‘पोरं सांभाळा रे’ म्हणत भावकीच्या ग्रुपवर टाकला, की मामा प्रवर्तक.

हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, यावर २०१९ मध्येच मद्रास उच्च न्यायालयात जुंपली होती. आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. कामकोटी यांनी सांगितलं, प्रत्येक संदेशासोबत मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडता येईल. पवईच्या आयआयटीतले प्रा. मनोज प्रभाकरन यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा आहे: खोटी ओळख चिकटवणं गुन्हेगाराला अवघड नाही, आणि ज्याला खरंच लपायचं आहे तो दुसरं ॲप वापरेल, उरतील ते साधे लोक. मजकूर उचलून नव्यानं लिहिला, फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवला, तरी साखळी तुटते, हे तर आपल्या घरातली आठवीतली मुलंही सांगतील.

मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एप्रिल २०२४ मधल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी सरळ सांगितलं, कुलूप मोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप जाईल. कंपनीला आपल्या खासगीपणाचा पुळका आला असं समजायचं कारण नाही. हीच मंडळी आपण कोणाशी, कधी, किती वेळा बोललो याचा हिशेब मालक कंपनीच्या धंद्यासाठी ठेवतात. पण चोराचं आणि सावकाराचं भांडण चाललं असताना सावकार कुलूप मजबूत करा म्हणत असेल, तर तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

राईनपाड्यानंतर मात्र खरा उपाय काय निघाला? व्हॉट्सॲपनं त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. कुलपाला हात न लावता.

परभणीचं नावही या वादात येतं. जुलै २०१६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं शहरातल्या एका तरुणाला आणि पाठोपाठ त्याच्या साथीदारांना अटक केली. एकूण चौघे. सीरियातल्या इस्लामिक स्टेटच्या माणसाशी ते इंटरनेटवरून संपर्कात होते आणि घातपाताची तयारी करत होते असा आरोप होता. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. एकाला २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला. दोघांनी २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून मिरवणाऱ्या आमच्या गावाचं नाव त्या पंधरवड्यात दिल्लीच्या चॅनेलांवर भलत्याच कारणानं झळकलं. २००३ साली इथल्या मशिदीत बॉम्बस्फोट झाला होता, तेव्हाही असंच. भीती काय असते हे या गावाला शिकवायची गरज नाही.

त्यामुळे ‘अशा पोरांचे निरोप वाचायला नकोत का’ या प्रश्नाला मी टाळत नाही. वाचायला हवेत. पण त्या खटल्यात कोर्टापुढे काय होतं? जप्त केलेलं स्फोटक उपकरण, हातानं लिहिलेली निष्ठेची शपथ, माणसांचे एकमेकांशी संबंध. कुलूप मधल्या वाटेवर असतं. दोन्ही टोकांना निरोप उघडाच असतो, कारण माणसाला तो वाचायचा असतो. ज्याच्यावर संशय आहे त्याचा फोन हातात आला की सगळं समोर. कोण कोणाशी बोललं, कुठल्या टॉवरखाली होतं, पैसा कुठून आला, हे तर कुलपाशिवायही मिळतं. ठरावीक माणसाच्या मागे लागून तपास करायला मेहनत लागते, माणसं लागतात, आणि ती लागावीत. एका माणसाचा फोन आणि पन्नास कोटी माणसांचे फोन यांत जो फरक आहे, तो या मेहनतीतूनच टिकून राहतो.

याच गावात डिसेंबर २०२४ उजाडला. १० तारखेला स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ ला बंद, मग जाळपोळ, मग धरपकड. अटकेतले सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं या प्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. त्या दिवसांत गल्लीत काय घडलं हे ज्याच्या फोनमध्ये होतं, त्यानं ते वकिलाला पाठवायचं की नाही? पाठवलं तर वाटेत कोण बघेल? यंत्रणेविरुद्धच साक्ष द्यायची असते तेव्हा ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण उलटी लागू पडते. ज्यानं काही केलं नाही, उलट पाहिलं आहे, त्यालाच डर असते.

सरकार म्हणतं, आम्ही मनमानी करत नाही, आढावा समिती आहे. बरं, तिचा हिशेब मांडू. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरावरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा असा की एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश निघत. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश. हे अशक्य काम असल्याचं न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. चहासुद्धा न पिता आठ तास बसले तरी एका आदेशाच्या वाट्याला दीड ते दोन सेकंद. तेवढ्यात नावसुद्धा नीट वाचून होत नाही.

नावाची तर वेगळीच कथा. नाना पटोले, बच्चू कडू यांच्यासह काही नेत्यांचे फोन पुण्यात टॅप झाल्याचं प्रकरण महाविकास आघाडीच्या काळात बाहेर आलं. विधानसभेत सांगितलं गेलं ते असं की परवानगी मागताना हे क्रमांक भलत्याच नावांनी, अमली पदार्थांच्या प्रकरणांशी जोडून दाखवले होते. पटोल्यांचं नाव म्हणे ‘अमजद खान’! पुणे आणि मुंबई इथं गुन्हे दाखल झाले; सरकार बदललं; सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं दोन्ही गुन्हे रद्द केले. दोषी कोण हे ठरवायचा अधिकार माझा नाही, आणि ज्यांच्यावर आरोप झाले त्या अधिकाऱ्याच्या बाजूनं निकाल लागला हेही नमूद करायला हवं. मला त्यातला एवढाच भाग कामाचा वाटतो की नेत्यांचे फोन ऐकले गेल्याचं नेत्यांना कळायला सत्तांतर व्हावं लागलं. सोनपेठच्या शेतमजुरासाठी कोणतं सत्तांतर होणार?

कोर्टानं डोळे उघडून बघितलं तर काय होतं याचंही उदाहरण मुंबईचंच आहे. एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता, त्यासाठी २००९-१० मध्ये त्याचे फोन टॅप झाले. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ते तिन्ही आदेश रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. यात सार्वजनिक सुरक्षितता कुठं आली, हा कोर्टाचा प्रश्न होता. दहा वर्षांनी विचारला गेला, पण विचारला गेला.

मोंढ्यातल्या जुन्या माणसांना हत्ता पद्धत आठवते. शेतकऱ्याच्या मालाची रास समोर, शेतकरी राशीपाशी उभा. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवायचे. माल ज्याचा, त्यालाच भाव दिसत नसे. बाजार समितीच्या कायद्यानं उघड लिलाव सक्तीचा केला आणि रुमाल काढला, ते योग्यच झालं. गुप्तता ही आपोआप पवित्र वस्तू नाही, हे मला मोंढ्यानं शिकवलं. दुबळ्याच्या हातातला रुमाल त्याची अब्रू झाकतो; बळकटाच्या हातातला रुमाल सौदा झाकतो. आणि आज टॅपिंगचा जो कारभार चालतो तो हुबेहूब हत्ता आहे. सचिवाची बोटं, समितीची बोटं, वर रुमाल; ज्याचा माल, तो उभा. आपल्या पेटीचं कुलूप काढा असं सांगणारे स्वतःचा रुमाल काढायला तयार नाहीत, हे या सगळ्या वादाचं मूळ आहे.

बाहेरच्या देशांची उदाहरणं झटपट पाहू, कारण दुसरी किल्ली कुठं जाते हे तिथं कळलं. ग्रीसमध्ये २००४-०५ साली पंतप्रधान कारामानलिस यांच्यासह शंभरावर मोठ्या लोकांचे फोन कित्येक महिने चोरून ऐकले गेले. ऐकायची यंत्रणा चोरांना नव्यानं उभारावी लागली नव्हती. पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जी सोय असते, तीच त्यांनी चालू केली. अमेरिकेनं १९९४ च्या कायद्यानं टेलिफोन कंपन्यांना अशी सोय सक्तीची केली होती. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ नावानं ओळखले जाणारे चिनी हॅकर त्याच यंत्रणांपर्यंत पोचल्याचं उघड झालं आणि डिसेंबरात अमेरिकी अधिकारीच लोकांना सांगू लागले, बाबांनो, कुलूपबंद निरोपसेवा वापरा. ब्रिटननं २०२५ च्या जानेवारीत ॲपलला गुप्त नोटीस देऊन साठवणुकीचं कुलूप उघडायची सोय मागितली. फेब्रुवारीत ॲपलनं मागच्या दारानं किल्ली देण्याऐवजी तिथल्या गिऱ्हाइकांचं ते सर्वात मजबूत कुलूपच काढून घेतलं. नुकसान शेवटी गिऱ्हाइकाचंच.

एक धोका आणखी आहे आणि तो महाराष्ट्रातल्या खटल्यातच पुढे आला. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनं केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालात म्हटलं होतं की संगणकात हॅकरनं शिरकाव करून पुराव्याच्या फायली बाहेरून आणून ठेवल्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि निवाडा कोर्टाचा. पण मुद्दा समजून घ्यायला निकालाची वाट बघायला नको: घराच्या दुसऱ्या किल्लीनं फक्त वस्तू बघता येतात असं नाही, वस्तू आणून ठेवताही येतात. पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीनं हेच घरफोडीचं काम फोनमध्ये केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीनं २०२२ मध्ये २९ फोन तपासले, पाचांत घुसखोर प्रणाली सापडली, ती पेगॅससच होती असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही, असं सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग सगळं हातचं गेलंच की. तसं नाही. प्रतिकार होतो तेव्हा सरकार मागे येतं, आणि आश्चर्य वाटावं इतक्या लवकर येतं. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्रानं कूटलेखन धोरणाचा एक मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात नागरिकांनी आपले संदेश उघड्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत आणि मागितल्यावर दाखवावेत अशी अट होती. म्हणजे लग्नपत्रिकेपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळं तीन महिने सांभाळायचं! असा हशा आणि संताप उसळला की २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेतला गेला. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागानं मोबाइल कंपन्यांना फर्मान काढलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवा आणि ते निकामी करता येऊ नये. हरवलेला फोन बंद करायला हे ॲप उपयोगी आहे, त्यात वाद नाही; ज्याला हवं त्यानं ते घ्यावंच. सक्ती म्हणताच गलका झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती उठली. पाच दिवस.

२८ नोव्हेंबरचंच दुसरं फर्मान मात्र गलक्यात झाकलं गेलं. निरोपाची ॲप्स फोनमधल्या सिमशी सतत बांधलेली असावीत, आणि संगणकावरची आवृत्ती फार तर सहा तासांनी आपोआप बंद होऊन पुन्हा जोडावी लागावी, असं त्यात म्हटलं होतं; पूर्ततेला ९० दिवसांची मुदत होती. सायबर ठगांना आळा हे कारण. यानं कुलूप मोडत नाही हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. फक्त प्रत्येक कुलपाला नाव-गावाची पाटी कायमची ठोकली जाते. हे मी मोंढ्यातल्या एका ओळखीच्या मुनीमजींना समजावून सांगत होतो. त्यांच्या गादीशेजारच्या संगणकावर दिवसभर व्हॉट्सॲप उघडं असतं: काटापट्टीचे फोटो, लातूरचा सोयाबीनचा भाव, गाडीनंबर, ड्रायव्हरचे निरोप. फोन मालकाचा, तो खिशात घेऊन मालक जिनिंगवर. ते म्हणाले, “म्हंजे दुपारी ऐन काट्याच्या टायमाला बंद पडणार अन् शेठ येईस्तोवर मी हातावर हात धरून बसणार? त्या ठगाला आवरा की, मला काऊन आवरता?” कुठलीही सरकारी चर्चा मला याहून नेमकं काही सांगेल असं वाटत नाही.

विदा संरक्षण कायद्याकडून आशा होती. तो २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कलम १७ खाली सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून वगळू शकतं. शिवाय याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणत कागद नाकारणं सोपं केलं. माहिती अधिकारासाठी ज्या राज्यानं उपोषणं पाहिली, त्याला हे जास्त टोचायला हवं. नागरिकाचं खासगीपण पातळ, अधिकाऱ्याचं दाट.

मग मागायचं काय? मला तीनच गोष्टी कळतात. टॅपिंगच्या आदेशावर आधी न्यायाधीशाची सही. तपास संपल्यावर ज्याचा फोन ऐकला त्याला तसं पत्र. आणि दरवर्षी जिल्हावार आकडा. नावं नकोत, नुसता आकडा. तिसरी सर्वात सोपी वाटते, पण तिचाच अनुभव वाईट आहे. दिल्लीतल्या एका वकिलांनी कलम ६९ खालच्या आदेशांची संख्या माहिती अधिकारात विचारली, तर नोंदी नियमानुसार नष्ट केल्या जातात असं उत्तर मिळालं. किती रुमाल पडले याचीही मोजदाद नाही.

तरी परभणीपुरता मी एक अर्ज लिहिला आहे. गेल्या वर्षात जिल्ह्यातल्या किती क्रमांकांसाठी आदेश निघाले, एवढा एकच प्रश्न. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, पाकीट चिकटवलं आणि स्टेशनजवळच्या लाल पेटीत टाकलं. टपाल कायदा २०२३, कलम ९ प्रमाणे तेही वाटेत उघडता येतं.